एका माणसाकडे तीन खाती: आयझॅक स्टीव्हन्स आणि वॉशिंग्टन टेरिटरी

सिॲटल, बेलव्ह्यू, रेडमंड या पट्ट्यात आता मराठी घरं काही कमी नाहीत. सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी गेलेली आपली माणसं तिथं रुळली, त्यांनी घरं घेतली. त्या घरांखालच्या जमिनीचे कागद मागं मागं शोधत गेलं, तर धागा २२ जानेवारी १८५५ या तारखेपाशी पोचतो. त्या दिवशी पॉइंट एलियट इथं, म्हणजे आजच्या मकिल्टिओ गावात, दुवामिश, सुक्वामिश, स्नोक्वाल्मी आणि इतर जमातींच्या प्रमुखांनी एका करारावर सहीऐवजी फुल्या केल्या. ज्याच्या नावावरून शहराला सिॲटल म्हणतात तो प्रमुखही त्यात होता. सरकारच्या बाजूनं सही होती गव्हर्नर आयझॅक इंगल्स स्टीव्हन्सची. तेव्हा तो ३६ वर्षांचा होता आणि त्याला या प्रदेशात येऊन जेमतेम १४ महिने झाले होते.

हा माणूस समजून घेतला की अमेरिकेचा पश्चिम भाग कसा घडला ते बरंचसं समजतं. सीमेवरचा राजकारणी म्हणजे घोड्यावरचा बंदूकधारी, असं चित्र सिनेमांनी आपल्या डोक्यात बसवलंय. खरं काम नकाशे, करारनामे, नेमणुकीची पत्रं आणि निधीच्या मागण्या यांतून झालं. स्टीव्हन्स त्या कामात तरबेज होता, आणि म्हणूनच त्यानं केलेलं नुकसानही खोलवर गेलं.

आधी टेरिटरी म्हणजे काय ते पाहू. १९व्या शतकात अमेरिका पश्चिमेकडे पसरत होती, पण नवा मुलूख लगेच राज्य होत नसे. १७८७ च्या नॉर्थवेस्ट ऑर्डिनन्सनं त्यासाठी पायऱ्या आखून दिल्या होत्या. आधी वरून नेमलेला गव्हर्नर, सेक्रेटरी आणि न्यायाधीश. वस्ती वाढली की निवडून दिलेलं विधिमंडळ. लोकसंख्या ६०,००० झाली की राज्याचा दर्जा मागायचा. पुढं प्रत्येक टेरिटरीचा कायदा वेगळा होत गेला, पण गाभा तोच राहिला: गव्हर्नर राष्ट्राध्यक्ष नेमणार. तिथल्या लोकांनी त्याला निवडलेलं नसे आणि त्यांना त्याला काढताही येत नसे. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत त्यांना मत नव्हतं. संसदेत त्यांचा एक प्रतिनिधी बसे, त्याला बोलता येई, मत देता येत नसे. आपल्या केंद्रशासित प्रदेशांशी याचं थोडं साम्य आहे, पण आपल्याकडं तिथला खासदार लोकसभेत मत देतो. टेरिटरीतल्या लोकांना तेवढंही नव्हतं. आदिवासींचा तर या सगळ्यात कुठंच हिशेब नव्हता.

अशा नेमणुका म्हणजे राजकीय बक्षिसं असत. स्टीव्हन्सचंही तसंच झालं. तो मॅसॅच्युसेट्सच्या अँडोव्हर भागातल्या शेतकरी घरातला. १८३९ मध्ये वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतून पहिला येऊन तो इंजिनिअर म्हणून सैन्यात गेला. मेक्सिकोविरुद्धच्या युद्धात जनरल विनफिल्ड स्कॉटच्या हाताखाली लढला आणि मेक्सिको शहर घेताना पायाला गंभीर जखम झाली. मग राजधानीत कोस्ट सर्व्हे या समुद्रकिनाऱ्याची मोजणी करणाऱ्या खात्यात मोठ्या हुद्द्यावर बसला. १८५२ च्या निवडणुकीत हाच जनरल स्कॉट राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार होता. स्टीव्हन्सनं मात्र जुन्या सेनापतीला सोडून त्याच्या विरोधातल्या फ्रँकलिन पिअर्सचा जाहीर प्रचार केला. पिअर्स जिंकला.

मार्च १८५३ मध्ये ओरेगनचा उत्तरेकडचा भाग तोडून वॉशिंग्टन टेरिटरी तयार झाली. तिथल्या रहिवाशांनी ‘कोलंबिया’ हे नाव मागितलं होतं, संसदेनं ते बदललं. त्याच महिन्यात पिअर्सनं स्टीव्हन्सला तिथला गव्हर्नर नेमलं. गव्हर्नर हा त्या प्रदेशातल्या आदिवासींच्या कारभाराचा सुपरिंटेंडेंटही असे, म्हणजे करार, मदत, तक्रारी सगळं त्याच्याकडे. यावर स्टीव्हन्सनं आणखी एक काम मागून घेतलं. मिसिसिपीपासून पॅसिफिक महासागरापर्यंत रेल्वे कुठून न्यायची हे ठरवायला संसदेनं १,५०,००० डॉलर मंजूर केले होते. त्यातल्या उत्तरेकडच्या मार्गाच्या पाहणीचं प्रमुखपद त्यानं मिळवलं.

इथं जरा थांबायला हवं, कारण पुढचं सगळं यातून निघतं. रेल्वेवाला म्हणून त्याला मोकळी जमीन हवी होती. गव्हर्नर म्हणून त्याला गोरे वसाहतकरी खूश ठेवायचे होते, कारण ते वाढले तरच टेरिटरीचं राज्य होणार आणि त्याचं राजकारण पुढं सरकणार. आणि आदिवासींचा सुपरिंटेंडेंट म्हणून, निदान कागदोपत्री, ज्यांच्याकडून जमीन घ्यायची त्यांचं हित त्यानंच पाहायचं होतं. खरेदीदार, दलाल आणि विकणाऱ्याचा पालक, तिन्ही एकच. त्यावर देखरेख करणारं सरकार हजारो मैल दूर, आणि पत्राचं उत्तर यायला महिने लागत. स्टीव्हन्स दुष्ट होता की नाही हा वाद इतिहासकार घालत राहतील. माझ्या मते एवढं सगळं एका हातात देणाऱ्या व्यवस्थेचा दोष आधी मांडला पाहिजे.

रेल्वेची पाहणी त्यानं झपाट्यानं केली. जून १८५३ मध्ये मिनेसोटातून निघाला आणि नोव्हेंबरअखेर ऑलिंपियाला, म्हणजे टेरिटरीची राजधानी ठरलेल्या गावी, पोचला. पश्चिमेकडून कॅस्केड डोंगरातल्या खिंडी तपासायचं काम त्यानं कॅप्टन जॉर्ज मॅक्लेलनला दिलं होतं. पुढं अमेरिकेतल्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धात जो उत्तरेचा सरसेनापती झाला तोच हा. मॅक्लेलननं बर्फाच्या ऐकीव गोष्टींवर विश्वास ठेवला आणि खिंड पार करायचं टाळलं. मग जानेवारी १८५४ मध्ये एबिएल टिंकम नावाचा इंजिनिअर बर्फावर चालायचे बूट घालून स्नोक्वाल्मी खिंडीच्या परिसरातून डोंगर ओलांडून आला आणि सांगितलं तेवढं बर्फ नसल्याचं दाखवून दिलं. आज सिॲटलहून पूर्वेला जाणारा हमरस्ता स्नोक्वाल्मी खिंडीतून जातो. रेल्वे मात्र स्टीव्हन्सच्या हयातीत आली नाही. नॉर्दर्न पॅसिफिकची लाइन पुरी व्हायला १८८३ उजाडलं. (तिकडच्या मित्रांसाठी: स्कीइंगला जाता ती स्टीव्हन्स पास ही खिंड या स्टीव्हन्सची नाही. ती जॉन स्टीव्हन्स या नंतरच्या रेल्वे इंजिनिअरच्या नावावर आहे. लेक स्टीव्हन्स मात्र आपल्याच गोष्टीतल्या माणसाचं.)

गव्हर्नर म्हणून त्यानं चांगली कामंही केली. संसदेनं पुस्तकांसाठी ५,००० डॉलर दिले होते. त्यातून त्यानं सुमारे २,००० ग्रंथ निवडून बोटीनं पाठवले. आजच्या वॉशिंग्टन राज्य ग्रंथालयाची सुरुवात तीच. जेमतेम चार हजार गोऱ्या वस्तीच्या, चिखल तुडवत जायच्या मुलखात पहिल्या वर्षी ग्रंथालय उभं करणाऱ्या माणसाला नुसतं धटिंगण म्हणून मोकळं होता येत नाही.

तो ऑलिंपियाला आला तेव्हा एक घोटाळा आधीच होऊन बसला होता. अमेरिकी कायद्यानं आदिवासींची जमीन फक्त सरकारला, तीही कराराने घेता येत असे. पण संसदेनं १८५० मध्येच ओरेगन भागासाठी जमीनवाटपाचा कायदा केला. गोऱ्या अविवाहित पुरुषाला ३२० एकर आणि नवरा-बायकोला मिळून ६४० एकर फुकट. नंतर येणाऱ्यांना याच्या निम्मी. म्हणजे सरकारनं जमीन वाटली आधी, आणि ती मालकांकडून घ्यायचं काम ठेवलं मागं. प्युजेट साउंड या खाडीच्या काठी कुरणं, नदीकाठ, गोड्या पाण्याच्या जागा घेऊन वसाहतकरी आधीच बसलेले. त्या जागांवर पिढ्यान्‌पिढ्या राहणारी निस्क्वाली, पुयालप, स्क्वॉक्सिन माणसंही तिथंच. स्टीव्हन्सनं ठरवलं की थोड्याच महिन्यांत सगळ्या जमातींशी करार उरकायचे.

पहिला करार मेडिसिन क्रीकचा. निस्क्वाली नदीच्या मुखाजवळ एका ओढ्याकाठी डिसेंबर १८५४ च्या शेवटच्या आठवड्यात लोक जमले. पश्चिम वॉशिंग्टनचा डिसेंबर म्हणजे संततधार पाऊस आणि ओल. २४ तारखेला सभा भरली आणि २६ तारखेला सह्या झाल्या. मसुदा चर्चेआधीच बहुतेक तयार होता, जॉर्ज गिब्ज या वकिलाच्या हातचा. स्टीव्हन्स इंग्रजीत बोले आणि दुभाषा बेंजामिन शॉ ते चिनूक जार्गनमध्ये सांगे. ही कोणत्याच जमातीची मायबोली नव्हती. चिनूक, इंग्रजी, फ्रेंच अशा मिश्रणातून झालेली व्यापाराची बोली ती, आणि तिच्यात शब्द काही शेच. कातडं किती, घोंगडी किती, मासा किती, हे तिच्यात नीट ठरवता येई. पण “या जमिनीवरचा सर्व हक्क, मालकी आणि हितसंबंध आम्ही कायमचे सोडून देत आहोत” हे त्या बोलीत कोण कसं सांगणार? तिथं हजर असलेल्या ओवेन बुशला आदिवासींच्या भाषा येत होत्या. त्यानं पुढं सांगितलं की स्टीव्हन्सला त्यांच्या भाषेत कुणी सांगायला नकोच होतं, आणि चिनूकमधून करार समजावणं अशक्य होतं.

करारातला व्यवहार असा: सुमारे २२,४०,००० एकर जमीन सरकारला. बदल्यात ३२,५०० डॉलर, तेही २० वर्षांत हप्त्याहप्त्यानं, आणि पैशाऐवजी वस्तू देण्याची मुभा सरकारला. राहायला तीन राखीव जागा, प्रत्येकी १,२८० एकर. निस्क्वाली लोकांना मिळालेली जागा दाट झाडीच्या उंच कड्यावर होती. नदी नाही, घोडे चारायला कुरण नाही. ज्या लोकांचं निम्मं आयुष्य नदीत आणि निम्मं घोड्याच्या पाठीवर गेलं, त्यांना ती जागा देणाऱ्यानं एक तर जागा पाहिली नव्हती किंवा माणसं पाहिली नव्हती.

करारावर ६२ फुल्या आहेत. त्यातली तिसरी लेशाय या निस्क्वाली नेत्याच्या नावापुढं. ती फुली त्यानं खरोखर मारली की दुसऱ्या कुणी, हा वाद आजही मिटलेला नाही. जमातीत सांगतात ते असं की त्यानं सही नाकारली आणि स्टीव्हन्सनं दिलेला प्रमुखपदाच्या नेमणुकीचा कागद फाडून टाकला.

याच करारात तिसरं कलम होतं. नेहमीच्या आणि वहिवाटीच्या सर्व ठिकाणी मासे धरण्याचा हक्क या लोकांकडं राहील, “टेरिटरीतल्या सर्व नागरिकांबरोबर समाईक.” मासे सुकवायला तात्पुरत्या झोपड्या बांधता येतील. मोकळ्या जमिनीवर शिकार करता येईल, कंद आणि बोरं गोळा करता येतील, घोडे चारता येतील. सरकारला यात तोटा वाटला नाही. त्या काळी तिथला मुख्य मासा सॅमन इतका मुबलक होता की तो कधी संपेल असं कुणाच्या मनात आलं नव्हतं. आदिवासी स्वतःचं पोट स्वतः भरतील, वर गोऱ्यांनाही मासे विकतील, आणि सरकारचा शिध्याचा खर्च वाचेल. आदिवासींच्या बाजूनं मात्र हे कलम नसतं तर करारच झाला नसता. हे कलम डोक्यात ठेवा, कारण स्टीव्हन्सच्या हातून झालेलं सर्वांत टिकाऊ काम तेच ठरलं.

पुढचे करार जानेवारी १८५५ मध्ये धडाधड झाले: पॉइंट एलियट, पॉइंट नो पॉइंट, नीआ बे. चेहेलिस नदीवर मात्र गाडी अडली. तिथल्या जमातींना आपली नदी सोडून दुसऱ्यांच्या मुलखात जायचं नव्हतं. ट्लेयुक नावाच्या तरुण प्रमुखानं साफ नकार दिला. तेव्हा स्टीव्हन्सनं स्वतः त्याला दिलेला प्रमुखपदाचा कागद मागून घेतला आणि सगळ्यांसमोर टराटरा फाडला. जेम्स स्वान हा वसाहतकरी तिथं हजर होता, त्यानं हे लिहून ठेवलंय. प्रमुख कोण हे जमात ठरवत नाही, मी ठरवतो, असा त्या फाडण्याचा अर्थ. करार न होताच ती सभा मोडली.

मे-जून १८५५ मध्ये डोंगरापलीकडे वाला वाला इथं मोठी सभा झाली. याकिमा, नेझ पर्स, केयूज, उमाटिला, वाला वाला अशा जमातींचे हजारो लोक तिथं आले. याकिमांचा कमायाकिन, वाला वालांचा पिओपिओमॉक्समॉक्स असे मोठे नेते होते. त्यांच्या बोलण्यातून अविश्वास दिसत होता. दोन आठवड्यांत सह्या झाल्या. खरी आग लावली ती त्यानंतरच्या घाईनं. करार सिनेटनं मंजूर केल्याशिवाय लागू होत नाही आणि या करारांना मंजुरी मिळाली ती १८५९ मध्ये. पण सह्या झाल्यावर काही आठवड्यांतच वर्तमानपत्रांत जाहीर झालं की राखीव जागा सोडून बाकीचा मुलूख वसाहतीला खुला. त्याच उन्हाळ्यात कोलव्हिलकडं सोनं सापडलं आणि खाणवाले याकिमांच्या मुलखातून जाऊ लागले. तिथं काही जण मारले गेले. सप्टेंबरमध्ये चौकशीला गेलेला सरकारी एजंट अँड्र्यू बोलन मारला गेला. ऑक्टोबरमध्ये याकिमांनी मेजर हॅलरच्या तुकडीला पिटाळून लावलं आणि युद्ध पेटलं. ते डोंगराच्या अलीकडे प्युजेट साउंडपर्यंत पसरलं आणि तिथं लेशायही लढाईत उतरला.

त्या वेळी स्टीव्हन्स होता शेकडो मैल पूर्वेला, मिझुरी नदीकाठी ब्लॅकफूट लोकांशी करार करायला गेलेला. परत येताना त्याला बातमी कळली. जानेवारी १८५६ मध्ये ऑलिंपियाला आल्यावर त्यानं विधिमंडळापुढं सांगितलं की शेवटचा शत्रू आदिवासी नष्ट होईपर्यंत युद्ध चालेल. पॅसिफिक किनाऱ्यावरच्या अमेरिकी सैन्याचा प्रमुख जनरल जॉन वूल याला हे मान्य नव्हतं. युद्ध वसाहतकऱ्यांनी आणि घाईच्या करारांनी ओढवून घेतलंय, असं तो उघड म्हणे. त्याचं उदाहरणही समोर होतं. पिओपिओमॉक्समॉक्स बोलणी करायला आलेला असताना ओरेगनच्या स्वयंसेवक सैनिकांनी त्याला धरून ठेवलं, डिसेंबर १८५५ मध्ये ठार मारलं आणि त्याच्या प्रेताची विटंबना केली. गव्हर्नरचे स्वयंसेवक आणि केंद्राचं सैन्य यांचं तेव्हापासून शेवटपर्यंत जमलं नाही.

यानंतरचा प्रसंग मला स्टीव्हन्सच्या कारकिर्दीतला सर्वांत बोलका वाटतो. मक क्रीक परिसरात हडसन्स बे कंपनी या कातड्यांचा व्यापार करणाऱ्या ब्रिटिश कंपनीतले जुने नोकर शेती करून राहत होते. त्यांच्या बायका आदिवासी होत्या. लढाईत त्यांच्या घरांना धक्का लागला नाही, म्हणून ते फितूर असणार असा स्टीव्हन्सचा संशय. त्यानं काही जणांना अटक केली. पुरावा तुटपुंजा होता आणि कोर्टात ते सुटणार हे दिसत होतं. म्हणून एप्रिल १८५६ मध्ये त्यानं पिअर्स काउंटीत लष्करी कायदा लागू केला. हेबिअस कॉर्पस, म्हणजे अटकेतल्या माणसाला कोर्टापुढं उभं करा असा हुकूम, निघूच नये यासाठी.

न्यायाधीश फ्रान्सिस चेनोवेथ आजारी होता. त्याच्या जागी मुख्य न्यायाधीश एडवर्ड लँडर यानं ७ मे रोजी स्टेलाकूमला कोर्ट भरवलं. गव्हर्नरचे हत्यारबंद स्वयंसेवक कोर्टात शिरले आणि न्यायाधीशाला अटक करून घेऊन गेले. त्यांचं नेतृत्व करणारा बेंजामिन शॉ, तोच मेडिसिन क्रीकचा दुभाषा. सुटल्यावर लँडरनं ऑलिंपियात, आपल्या स्वतःच्या जिल्ह्यात कोर्ट उघडलं. स्टीव्हन्सनं त्या काउंटीतही लष्करी कायदा पसरवला आणि लँडरला दुसऱ्यांदा पकडलं. मग चेनोवेथ अंथरुणातून उठून आला आणि शेरीफनं जमवलेल्या हत्यारबंद नागरिकांच्या पहाऱ्यात त्यानं कोर्ट चालवलं. गोरे गोऱ्यांवर बंदुका रोखून उभे, अशी वेळ आली. अखेर स्टीव्हन्सनं लष्करी कायदा मागं घेतला. अटक केलेल्यांवरचे आरोप टिकले नाहीत.

जुलैमध्ये लँडरनं कोर्टाचा अवमान केल्याबद्दल गव्हर्नरला ५० डॉलर दंड केला. शिक्षा स्थगित करायचा अधिकार गव्हर्नरला असतो. तेव्हा गव्हर्नर स्टीव्हन्सनं, आरोपी स्टीव्हन्सची शिक्षा राष्ट्राध्यक्षाचा निर्णय येईपर्यंत स्थगित केल्याचा रीतसर हुकूम काढला. शेवटी दंड भरला गेला. राष्ट्राध्यक्ष पिअर्सनं परराष्ट्रमंत्र्याकरवी नापसंती कळवली, पण त्याला पदावरून काढलं नाही. टेरिटरीच्या विधिमंडळानं निषेधाचा ठराव केला, आणि वर्षभराच्या आत त्याच टेरिटरीच्या मतदारांनी त्याला संसदेतला प्रतिनिधी म्हणून मोठ्या फरकानं निवडून दिलं. कोर्टापेक्षा जमीन आणि सुरक्षितता देणारा नेता त्यांना जवळचा वाटला. हे त्या मतदारांबद्दलही बरंच काही सांगून जातं.

ऑगस्ट १८५६ मध्ये फॉक्स आयलंडवर स्टीव्हन्स पुन्हा निस्क्वाली आणि पुयालप लोकांसमोर बसला आणि राखीव जागा बदलून, वाढवून देण्याचं मान्य केलं. जानेवारी १८५७ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या हुकमानं तसं झालं. निस्क्वालींना नदीकाठ मिळाला. म्हणजे लेशाय ज्यासाठी लढला ते बरोबर होतं हे सरकारनं कृतीतून कबूल केलं. पण लेशायला सोडलं नाही. ३१ ऑक्टोबर १८५५ च्या हल्ल्यात अब्राम बेंटन मोझेस हा स्वयंसेवक मारला गेला होता. त्या खुनाचा आरोप लेशायवर ठेवला. नोव्हेंबर १८५६ मध्ये त्याच्याच पुतण्यानं दगा देऊन त्याला पकडून दिलं. काही दिवसांतच शरण आलेला त्याचा भाऊ क्वायमथ, ऑलिंपियात खुद्द गव्हर्नरच्या कचेरीत रात्री ठेवलेला असताना खून होऊन पडला. त्याबद्दल कुणालाही शिक्षा झाली नाही.

लेशायच्या पहिल्या खटल्यात चेनोवेथनं ज्युरीला सांगितलं की युद्धात मारणं हा खून धरता येत नाही. दहा जण शिक्षेच्या बाजूनं आणि दोघं विरुद्ध, म्हणून निकाल लागला नाही. त्या दोघांतला एक होता एझ्रा मीकर, जो पुढं या भागातला नामांकित वसाहतकरी म्हणून ओळखला गेला. दुसरा खटला लँडरसमोर चालला. युद्धाचा तो मुद्दा ज्युरीला सांगितलाच गेला नाही आणि फाशी ठरली. सैन्यातला लेफ्टनंट ऑगस्ट कौट्झ यानं जागेची मोजणी करून नकाशा काढला. आरोपात म्हटल्याप्रमाणे लेशाय त्या वेळी त्या ठिकाणी पोचूच शकत नव्हता, असं त्यातून दिसत होतं. उपयोग झाला नाही. सैन्यानं आपल्या किल्ल्यात फाशी देऊ दिली नाही, म्हणून १९ फेब्रुवारी १८५८ ला स्टेलाकूम तळ्याजवळ उघड्यावर दिली. ज्यानं दोर ओढला त्या चार्ल्स ग्रेंजरनं पुढं सांगितलं की आपण निरपराध माणसाला फाशी देत आहोत असं त्याला तेव्हाही वाटलं आणि नंतरही वाटत राहिलं. १० डिसेंबर २००४ ला वॉशिंग्टन राज्याच्या सरन्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली बसलेल्या ऐतिहासिक न्यायपीठानं चेनोवेथचाच मुद्दा धरला आणि लेशायला निर्दोष ठरवलं. त्या न्यायपीठाला कायदेशीर बंधन घालायचा अधिकार नव्हता. निस्क्वाली लोकांना तरीही ते हवं होतं, आणि ते किती योग्य होतं हे दोन्ही खटल्यांची कहाणी शेजारी ठेवली की कळतं.

संसदेत स्टीव्हन्सनं दोनदा प्रतिनिधी म्हणून काम केलं आणि आपले अडकलेले करार मंजूर करून घेतले. १८६० मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचा गुलामगिरीधार्जिणा उमेदवार ब्रेकनरिज याच्या प्रचार समितीचा तो अध्यक्ष होता. तरी यादवी युद्ध सुरू झाल्यावर तो उत्तरेच्या बाजूनं उभा राहिला. १ सप्टेंबर १८६२ ला व्हर्जिनियात शँटिलीच्या लढाईत, वादळी पावसात, निशाणबरदार पडल्यावर त्यानं निशाण स्वतः उचललं आणि डोक्यात गोळी लागून तो मेला. वय ४४. त्याच लढाईत त्याचा मुलगा हॅझर्ड जखमी झाला. तो वाचला, पुढं माउंट रेनिअरचा माथा गाठणारा म्हणून प्रसिद्ध झाला, आणि त्यानं बापाचं जाडजूड चरित्र लिहिलं. स्टीव्हन्सची वीर म्हणून जी प्रतिमा बराच काळ टिकली, तिच्यात या चरित्राचा मोठा वाटा आहे.

आता ते तिसरं कलम. १८८९ मध्ये वॉशिंग्टन राज्य झालं. डबाबंद सॅमनचे कारखाने आले, धरणं आली, मासे घटले. राज्य सरकार आदिवासी कोळ्यांना बिनपरवाना मासेमारीसाठी पकडू लागलं. निस्क्वाली जमातीचे बिली फ्रँक यांना १९४५ मध्ये पहिल्यांदा पकडलं तेव्हा ते १४ वर्षांचे होते. पुढं त्यांना ५० हून जास्त वेळा अटक झाली. १९६० च्या दशकात त्यांनी आणि सोबत्यांनी मुद्दाम नदीत जाळी टाकून सत्याग्रह केला. पोलिसांनी लाठ्या चालवल्या, अश्रुधूर सोडला, जाळी आणि होड्या जप्त केल्या. शेवटी केंद्र सरकारनंच जमातींच्या वतीनं राज्यावर दावा लावला.

१२ फेब्रुवारी १९७४ ला न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी निकाल दिला. त्यांचा तर्क समजायला सोपा आहे. करारानं सरकारनं आदिवासींना हक्क दिले नाहीत. हक्क त्यांचेच होते, त्यातले काही त्यांनी सोडले आणि मासेमारीचा स्वतःकडे ठेवला. करार एका बाजूच्या भाषेत, एका बाजूच्या वकिलानं लिहिलेला असेल, तर दुसऱ्या बाजूला तो जसा समजला असेल तसाच वाचला पाहिजे. मग ‘समाईक’ म्हणजे काय? दोन पक्षांमध्ये समान वाटणी. वहिवाटीच्या जागांवरून जाणाऱ्या, धरण्याजोग्या माशांपैकी ५० टक्क्यांपर्यंत वाटा करारातल्या जमातींचा. व्यापारी कोळी आणि राज्य सरकार खवळलं, निदर्शनं झाली, बोल्ट यांना शिव्याशाप मिळाले. १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकालाचा गाभा कायम ठेवला. तेव्हापासून तिथल्या मासेमारीचं नियोजन जमाती आणि राज्य मिळून करतात. १९९४ मध्ये शिंपल्या-कालवांनाही तोच नियम लागला.

मग पुढचा प्रश्न आला. अर्धे मासे आमचे, पण मासेच उरले नाहीत तर अर्धे कशाचे? राज्यानं रस्ते बांधताना ओढ्यांवर शेकडो मोऱ्या घातल्या होत्या. अरुंद पाइप, पाण्याचा जोर जास्त, तोंड वर उचललेलं. अंडी घालायला समुद्रातून ओढ्यात परतणारा सॅमन तिथंच अडतो. २१ जमातींनी २००१ मध्ये कोर्टात मागणी केली की या मोऱ्या दुरुस्त करा, कारण नदीत मासा येऊच न देणं हाही कराराचा भंगच. २०१३ मध्ये कोर्टानं तसा हुकूम दिला. राज्य सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. तिथं जून २०१८ मध्ये ४ विरुद्ध ४ अशी मतं पडली, म्हणून खालचा निकाल कायम राहिला. तेव्हापासून वॉशिंग्टन राज्य अब्जावधी डॉलर खर्चून मोऱ्या उकरतंय आणि त्या जागी मासा जाईल एवढे रुंद पूल बांधतंय. कोर्टानं महत्त्वाच्या मोऱ्यांसाठी २०३० ची मुदत घातली आहे. सिॲटलच्या आसपास हमरस्त्यावर लेन बंद करून काम चाललेलं दिसलं आणि शेजारी सॅमनसाठी मोरी बदलत असल्याची पाटी असली, तर ते काम मेडिसिन क्रीकला लिहिलेल्या याच शब्दांच्या अंमलबजावणीचं आहे.